एक्स-रे नॉर्मल, पण हात बाहेर वळत नाही: विजेच्या धक्क्यानंतर सात आठवडे न ओळखलेला निखळलेला खांदा

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका ५२ वर्षांच्या शेतकऱ्याचे आहे. त्यांच्या संमतीने ते लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारा अस्थिरोगतज्ज्ञ मी आहे, त्यामुळे पुढे ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे त्यांतले काही माझेच आहेत.

डिसेंबरातली रात्र होती. त्या आठवड्यात त्यांच्या शिवारात थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असल्याने हरभऱ्याला पाणी देण्यासाठी ते अकराच्या सुमारास विहिरीवर गेले. पाय ओल्या मातीत होते आणि स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत करंट उतरलेला होता. उजवा हात पेटीला लागला आणि तिथेच चिकटला. मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत काही सेकंद गेले. हात सुटल्यावर ते जागच्या जागी खाली बसले. ते पडले नाहीत, कशावर आदळले नाहीत, खांद्याला बाहेरून मार लागला नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी प्रत्येक डॉक्टरला प्रामाणिकपणे सांगितली आणि तिनेच सगळ्यांची दिशा चुकवली.

त्याच रात्री त्यांना जवळच्या रुग्णालयात नेण्यात आले. विजेचा धक्का बसलेल्या माणसाबाबत प्रथम जे पाहायचे ते तिथे व्यवस्थित पाहिले गेले. ईसीजी काढला, हृदयाचे ठोके रात्रभर निरखले, लघवीचा रंग तपासला, दोन बोटांवरच्या भाजल्याच्या जखमा बांधल्या. उजवा खांदा फार दुखत असल्याने त्याचा समोरून एक एक्स-रे काढला आणि ‘हाड मोडलेले नाही’ असा निर्वाळा देऊन हात गळ्यातल्या झोळीत घालून त्यांना घरी पाठवले. जीव वाचला या दिलाशापुढे खांद्याचे दुखणे घरच्यांना किरकोळ वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पहिले सात आठवडे

दहा-बारा दिवसांनी झोळी काढली तेव्हा हात पोटाशी आखडलेला होता. गावच्या हाडवैद्याने तेल लावून चोळले, त्याने दुखणे वाढले. मग तालुक्याच्या दुसऱ्या दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर १६२ निघाली आणि मधुमेहाचे निदान त्यांना प्रथमच झाले. मधुमेही माणूस, पन्नाशी ओलांडलेली, एक्स-रे नॉर्मल, खांदा आखडलेला. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव आपोआप ओठांवर येते, आणि ते आले. सांध्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले गेले, त्याने काही दिवस साखर वाढली, खांद्यात मात्र काहीच फरक पडला नाही. नंतर तीन आठवडे फिजिओथेरपी झाली.

हे प्रकरण उलगडले ते त्या फिजिओथेरपिस्ट बाईंमुळे. त्यांनी रुग्णाला माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीत लिहिले होते की, हात बाहेरच्या दिशेने फिरवताना हाडावर हाड अडल्यासारखे लागते आणि तीन आठवड्यांच्या व्यायामाने एका अंशाचाही फरक पडलेला नाही. गोठलेला खांदा असा अडत नाही. त्याची अडवणूक चामड्याचा पट्टा ताणल्यासारखी असते, शेवटी थोडी तरी लवते. हा फरक हाताच्या स्पर्शालाच कळतो आणि त्यांना तो कळला होता.

खरी अडचण कुठे होती

खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचे गोल डोके खवाट्यावरच्या एका उथळ, लहान वाटीला टेकलेले असते. निखळणाऱ्या खांद्यांपैकी बहुतेक पुढच्या बाजूला निखळतात. त्यांत खांद्याची गोलाई जाऊन कोन दिसतो, हात अंगापासून दूर राहतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेतही डोके वाटीखाली घसरलेले स्पष्ट दिसते. मागच्या बाजूला निखळण्याचे प्रमाण सर्व निखळण्यांच्या २ ते ५ टक्के इतकेच आहे. त्यात डोके सरळ मागे जाते, फारसे वरखाली होत नाही, आणि समोरून घेतलेल्या चित्रात पुढे-मागे हे अंतर उमटतच नाही. माणूस समोर उभा आहे की दोन पावले मागे, हे सपाट सावलीवरून जसे कळत नाही, तसेच हे आहे.

पडल्याशिवाय खांदा निखळलाच कसा, हा प्रश्न रुग्णाच्या मुलानेही विचारला. विजेच्या धक्क्यात आणि फिटमध्ये खांद्याभोवतीचे सर्व स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीने आवळतात. दंडाला आत फिरवणारे स्नायू, म्हणजे छातीचा मोठा स्नायू, पाठीचा रुंद स्नायू आणि खवाट्याच्या आतल्या अंगाचा सबस्कॅप्युलारिस, हे बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंपेक्षा कितीतरी बलवान असतात. ती रस्सीखेच ते जिंकतात, दंड आत वळतो, अंगाशी ओढला जातो आणि डोके वाटीच्या मागच्या काठावरून बाहेर ढकलले जाते. त्या काठावर डोक्याचा पुढचा भाग आपटून तिथे खाच पडते आणि ती खाच काठात अडकून बसते. मग हात बाहेर फिरवणे अशक्य होते, कारण मधे हाडच आडवे आलेले असते.

अडचण अशी की हात बाहेर न फिरणे हे गोठलेल्या खांद्याचेही मुख्य लक्षण आहे. म्हणजे तपासणीत आढळणारी खूण तीच, एक्स-रेचा अहवाल ‘नॉर्मल’, आणि वर मधुमेहाची साथ. दोन्हींतला फरक इतिहासात असतो. गोठलेला खांदा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू आखडत जातो. या रुग्णाचा हात त्या रात्री, त्या क्षणापासून फिरत नव्हता. हा प्रश्न सात आठवड्यांत कोणी सरळ विचारला नव्हता. मी विचारला तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “त्या रात्रीपासून ह्यांचा हात असाच पोटाला धरलेला आहे, डॉक्टरसाहेब. एक दिवस तो सुटला नाही.”

तपासणीत काय आढळले

रुग्णाला बुटक्या स्टुलावर बसवून मी मागे उभा राहिलो आणि वरून दोन्ही खांद्यांची तुलना केली. उजव्या खांद्याचा पुढचा भाग चपटा होता, कोराकॉइड हे हाडाचे टोक त्वचेखाली उठून दिसत होते आणि मागे डाव्या बाजूला नसलेला भराव होता. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगितले तर तो सरळ रेषेपर्यंतही येत नव्हता, सुमारे २० अंश आत वळलेल्या स्थितीतच अडत होता. पुढून हात वर ६० अंशांपर्यंत जाई, तोही बराचसा खवाट्याच्या हालचालीमुळे. खांद्याच्या बाहेरील त्वचेची संवेदना आणि डेल्टॉइड स्नायूचे आकुंचन शाबूत होते, म्हणजे तिथल्या नसेला इजा नव्हती.

एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की तळवा पूर्ण वर वळत नाही, आणि दोन्ही हातांची ओंजळ नीट जुळत नाही. हात समोर धरलेला असताना तळवा पूर्णपणे आकाशाकडे न वळणे ही मागे निखळलेल्या खांद्याची अस्थिरोगशास्त्रात नोंदलेली खूण आहे, कारण तळवा तसा वळवण्यासाठी दंडही थोडा बाहेर फिरावा लागतो. रुग्णाने आपल्या रोजच्या भाषेत तीच सांगितली होती.

लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी मागे निखळणाऱ्या खांद्याचे वर्णन १८३९ साली लिहिले. एक्स-किरणांचा शोध १८९५चा. म्हणजे कोणतेही चित्र उपलब्ध नसताना केवळ पाहून आणि हात लावून हे निदान होत होते. आज आपल्याकडे चित्र असते आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते, म्हणून हात लावायचा राहून जातो, असे मला अनेकदा वाटते.

कोणते चित्र काढायचे

तपासणीनंतर माझा संशय पक्का होता, तरी निर्णयाचा पहिला टप्पा इथेच आला. मुलाने एमआरआयचे पैसे बरोबर आणले होते. “एकदाच काय ते कळू द्या,” असे त्याचे म्हणणे होते आणि त्यामागची काळजी मला समजत होती. सात आठवडे दारोदार फिरलेल्या कुटुंबाला आणखी एक साधा एक्स-रे सुचवणे म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर नेण्यासारखे होते.

एमआरआयने डोके जागेवर नाही हे कळले असतेच. परंतु एमआरआय मऊ भाग दाखवण्यात सर्वांत सरस आहे, आणि इथे आधी उत्तर हवे होते ते हाडाच्या जागेबद्दल. शिवाय खांद्याच्या एमआरआयला एक जुना धोका आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ३४ टक्के लोकांत रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याला वेढून तो फिरवणाऱ्या स्नायूंच्या, स्नायुबंधांत फाट आढळली. साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या अहवालात अशी फाट दिसली असती तर तीच दुखण्याचे कारण ठरवली जाण्याची शक्यता मोठी होती. अहवालाच्या चौथ्या ओळीतले निखळणे आणि पहिल्या ओळीतली फाट यांत घाईत असलेला वाचक पहिली ओळ उचलतो.

सोनोग्राफीने स्नायुबंध दिसतात आणि अनुभवी हाताला मागे सरकलेले डोकेही कळते, पण खाच किती मोठी आहे हे तिच्यावरून ठरवता येत नाही. सीटी स्कॅन पुढे लागणारच होता. तरीही मी प्रथम काखेतून घेतलेला एक्स-रे मागितला. त्याला काही शे रुपये लागतात, पाच मिनिटांत तो होतो, आणि डोके वाटीच्या पुढे, मागे की समोर, या एकाच प्रश्नाचे उत्तर तो वादातीत देतो.

तो काढतानाही अडचण आली. त्यासाठी हात अंगापासून थोडा दूर न्यावा लागतो आणि तंत्रज्ञाच्या मते रुग्णाला ते जमण्यासारखे नव्हते. प्रत्यक्षात २०-३० अंश हात दूर झाला तरी पुरतो. तेही जमत नसेल तर झोळी न काढता रुग्णाला टेबलाच्या कडेला पाठ करून थोडे मागे झुकवतात आणि किरण वरून खाली सोडतात. या पद्धतीला वेल्पो व्ह्यू म्हणतात. पहिल्या रात्री, वेदना असह्य असतानाही, हा एक्स-रे काढता आला असता. मी एक्स-रे खोलीत स्वतः उभा राहिलो, रुग्णाचा हात कोपराखाली धरून हळूच तीस अंशांपर्यंत दूर नेला आणि चित्र मिळाले. डोके वाटीच्या मागे होते आणि वाटीचा मागचा काठ डोक्यात रुतलेला होता.

डाव्या खांद्याचेही दोन्ही दिशांनी एक्स-रे काढले. विजेच्या धक्क्यात किंवा फिटमध्ये कधीकधी दोन्ही खांदे एकाच वेळी निखळतात, आणि तसे झाले तर दोन्ही बाजू सारख्याच दिसल्याने तुलनेचा आधारच नाहीसा होतो. त्यांचा डावा खांदा ठीक होता.

पहिला एक्स-रे पुन्हा पाहिला तेव्हा

रुग्णाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पहिली फिल्म मी उजेडावर धरली. आता काय आहे हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असताना दिसणे सोपे असते, हे लक्षात ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

समोरून काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेत दंडाच्या हाडाचे डोके आणि वाटी यांच्या सावल्या काही भागात एकमेकींवर पडून अर्धचंद्रासारखा लांबट आकार उमटतो. त्या फिल्ममध्ये तो जवळजवळ नव्हता. वाटीचा पुढचा काठ आणि डोके यांच्यात रिकामी जागा दिसत होती. हे अंतर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर संशय घ्यावा असे मानतात. डोके आत वळल्यामुळे त्यावरचा मोठा उंचवटा लपला होता आणि डोके विजेच्या दिव्यासारखे दोन्ही बाजूंनी सारखे गोल दिसत होते. डोक्याच्या आत एक उभी पांढरट रेघ होती, ती खाचेची कड होती.

चारही खुणा हजर होत्या, पण कोणतीही ठळक नव्हती. रात्री दोन वाजता, हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष असलेल्या डॉक्टरने मोडलेले हाड शोधत ही फिल्म पाहिली आणि मोडलेले हाड त्यात नव्हते. मागे निखळलेल्या खांद्यांपैकी निम्म्याच्या आसपास पहिल्या भेटीत निसटतात असे शल्यचिकित्सेची पुस्तके गेली अनेक दशके सांगत आली आहेत. त्यामुळे त्या डॉक्टरला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मात्र दुसऱ्या दिशेचा एक्स-रे काढला असता तर रात्री दोनलाही चूक होण्यास जागा उरली नसती, हे तितकेच खरे आहे.

सीटी स्कॅन आणि उपचाराचे पर्याय

सीटी स्कॅनमधून तीन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. डोक्यावरची खाच किती मोठी आहे, दंडाच्या हाडाच्या मानेत न सरकलेली पण तडा गेलेली फट आहे का, आणि वाटीचा मागचा काठ किती झिजला आहे. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, कारण मानेत फट असताना ओढून सांधा बसवण्याचा प्रयत्न केला तर डोके सुटे होते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. फट नव्हती. वाटीची झीज किरकोळ होती. खाचेने डोक्याच्या सांध्याकडील पृष्ठभागाचा सुमारे ३५ टक्के भाग व्यापला होता.

उपचाराचे गणित या टक्केवारीवर आणि गेलेल्या दिवसांवर बेतलेले असते. खाच लहान असेल, साधारण २० ते २५ टक्क्यांच्या आत, आणि दुखापत तीन आठवड्यांच्या आतली असेल, तर भूल देऊन न कापता सांधा बसवता येतो. खाच ४५-५० टक्क्यांच्या पुढे गेली किंवा डोके मऊ पडून खचले असेल तर कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागतो. मधल्या पट्ट्यात सांधा उघडून बसवायचा आणि खाच भरून काढायची, हा मार्ग उरतो.

रुग्ण आणि त्यांचा मुलगा यांच्यासमोर आम्ही चार पर्याय ठेवले. पहिला, काहीच न करणे. फार वृद्ध, कमी हालचालीची गरज असलेल्या आणि वेदना सोसण्याजोगी असलेल्या रुग्णाबाबत हा पर्याय अवाजवी नसतो, पण उजव्या हाताने नांगर धरणाऱ्या माणसाला तो परवडणार नव्हता. दुसरा, भूल देऊन ओढून बसवणे. सातव्या आठवड्यात खाचेभोवती तंतुमय उती भरलेल्या असतात, तेव्हा यश मिळण्याची शक्यता थोडी आणि हाड मोडण्याचा धोका मोठा. तिसरा, कृत्रिम सांधा. ५२ व्या वर्षी बसवलेला कृत्रिम सांधा शेतीच्या कष्टात किती वर्षे टिकेल याची खात्री देता येत नव्हती आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे जवळजवळ अटळ होते. चौथा, सांधा उघडून बसवणे आणि सबस्कॅप्युलारिस स्नायू ज्यावर चिकटलेला असतो तो हाडाचा लहान उंचवटा स्नायूसकट कापून खाचेत बसवणे. खाचेत स्नायुबंध भरण्याची मूळ कल्पना मॅकलॉफ्लिन यांनी १९५२ साली मांडली. हाडासकट भरण्याची सुधारणा नंतर आली. त्यामुळे खाच भरते आणि ती पुन्हा काठात अडकत नाही. दुसऱ्या हाडाचे कलम लावूनही खाच भरता येते, पण तशी हाडपेढी आमच्या आवाक्यात नव्हती.

मी चौथ्या पर्यायाची शिफारस केली. रुग्णाने एकच प्रश्न विचारला, “पुढच्या पेरणीला हात चालेल का?” मी सांगितले की पेरणीला नाही, पण रब्बीला बहुधा चालेल, आणि पूर्वीसारखा शंभर टक्के कधीच होणार नाही. शेवटचे वाक्य त्यांना त्याच दिवशी सांगितले याचे मला पुढे समाधान वाटले.

एक निर्णय इथे आम्ही घेतला ज्याकडे मी नंतर परत येणार आहे. शस्त्रक्रियेआधी एमआरआय काढायचा की नाही? सांध्याची जागा आणि खाच कळली होती, स्नायुबंध शस्त्रक्रियेत डोळ्यांनी दिसणारच होते, आणि कुटुंबाचा खर्च आधीच बराच झाला होता. आम्ही तो काढला नाही.

शस्त्रक्रिया

साखर आटोक्यात आणण्यात आठ दिवस गेले. शस्त्रक्रिया पुढून, डेल्टॉइड आणि छातीच्या स्नायूंमधल्या वाटेने केली. लहान उंचवटा स्नायूसकट उचलल्यावर रिकामी वाटी दिसली, तंतुमय उतींनी भरलेली. ती साफ करून डोके वाटीच्या काठावरून सोडवायचे हा सर्वांत जोखमीचा भाग होता. इथे बळ लावले तर मऊ झालेले डोके चेंगरते. सपाट हत्यार काठाखाली सरकवून, दंड आधी आणखी थोडा आत फिरवून खाच सोडवली आणि मग हळूहळू बाहेर फिरवत डोके जागेवर आणले. डोक्यावरचे कूर्चेचे आवरण खाच सोडून बाकी ठिकाणी चांगले होते. उंचवटा खाचेत बसवून दोन स्क्रूंनी पक्का केला. मग हात पोटापर्यंत आत फिरवून पाहिला. डोके जागचे हलले नाही.

जखम बंद करण्यापूर्वी टेबलावरच सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राने काखेतून चित्र घेतले. हे मी आग्रहाने करतो. ज्या दुखापतीत समोरच्या चित्राने एकदा फसवले, तिच्यात शस्त्रक्रियेच्या शेवटीही समोरच्याच चित्रावर विसंबणे मला मान्य नाही.

नंतरचे दिवस

पुढे निखळलेल्या खांद्यानंतर हात पोटाशी झोळीत ठेवतात. मागे निखळलेल्यात ती स्थिती घातक असते, कारण त्याच दिशेने सांधा पुन्हा निसटू शकतो. म्हणून हात सरळ समोर किंवा १०-२० अंश बाहेर वळलेला राहील असा पट्टा सहा आठवडे लागतो. आम्ही तो उशीसह तयार करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तेव्हा पट्टा खुर्चीवर होता आणि हात नेहमीच्या झोळीत पोटाशी बांधलेला होता. अंग पुसण्यासाठी पट्टा काढला आणि पुन्हा बांधताना सवयीची झोळी लावली गेली. लगेच काखेतून एक्स-रे काढला. सुदैवाने सांधा जागेवर होता. चूक वॉर्डाची म्हणण्यापेक्षा माझी होती, कारण तोंडी सूचना देऊन मी निघून गेलो होतो. त्यानंतर खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत कागद लावला आणि त्यांच्या पत्नीला पट्टा बांधायला शिकवले. पुढचे सहा आठवडे त्यांनी तो ज्या काटेकोरपणे बांधला, तसा आमच्यापैकी कोणी बांधला नसता.

सहा आठवड्यांनंतर ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी चिठ्ठी लिहिली होती त्यांच्याकडेच व्यायाम सुरू झाले.

निष्पत्ती

चौथ्या महिन्यात हात पुढून ११० अंश वर जाऊ लागला, पण बाहेर फिरवण्याची ताकद अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. सोनोग्राफी केली तेव्हा दंड बाहेर फिरवणाऱ्या, मागच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूच्या स्नायुबंधात अर्धवट फाट आढळली. ती पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत आम्हाला दिसली नव्हती. त्या वाटेने मागचा भाग नीट दिसत नाही. व्यायाम चालू ठेवून ताकद हळूहळू सुधारली, दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

एका वर्षाअखेर हात पुढून १४० अंश वर जातो, कोपर कुशीला टेकवून ४० अंश बाहेर फिरतो आणि पाठीमागे कमरेपर्यंत पोहोचतो. रात्री त्या कुशीवर झोपता येते. ओंजळ जुळते. जड पोते खांद्यावर घेणे त्यांनी सोडले आहे आणि फवारणीचा पंप मुलगा घेतो. एक्स-रेत उंचवटा खाचेत जुळून आला आहे आणि डोके खचलेले नाही. तरी रक्तपुरवठा तुटल्यामुळे डोके खचण्याचा धोका दोन वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही राहतो, म्हणून त्यांना दर सहा महिन्यांनी बोलावतो.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या रात्रीचा निर्णय सर्वांत मोठा होता आणि तो सर्वांत सहज सुधारता येण्याजोगाही होता. विजेचा धक्का किंवा फिट, आणि त्यानंतर खांदा दुखणे, एवढे दोन शब्द एकत्र आले की काखेतून किंवा वेल्पो पद्धतीने दुसरा एक्स-रे काढायचाच, मग माणूस पडलेला असो वा नसो. त्या रात्री हे झाले असते तर भूल देऊन, न कापता सांधा बसण्याची चांगली शक्यता होती. खाच बहुधा लहान असती, कारण अडकलेले डोके काठावर घासत राहून ती वाढत जाते.

दुसरा टप्पा ‘फ्रोझन शोल्डर’ या नावाचा. मधुमेह सापडल्यामुळे ते नाव पक्के झाले, आणि एकदा नाव पडल्यावर पुढच्या प्रत्येकाने त्याच नावाखाली तपासले. दुखापतीनंतर लगेच आखडलेल्या खांद्याला हे नाव देण्यापूर्वी दोन दिशांचे एक्स-रे हातात असायला हवेत. अडकलेल्या डोक्यावर जोर लावून केलेल्या मालिशीने आणि व्यायामाने खाच किती वाढली हे आता मोजता येणार नाही, पण वाढली असावी असे मला वाटते.

तिसरा निर्णय माझा. एमआरआय प्रथम न काढणे मला आजही योग्य वाटते. परंतु जागा आणि खाच कळल्यानंतर, शस्त्रक्रियेच्या आधी तो काढायला हवा होता. तेव्हा त्याला विचारायचा प्रश्न नेमका होता: मागचे स्नायुबंध शाबूत आहेत का, आणि डोक्यातली मज्जा जिवंत दिसते का? खर्च वाचवण्याचा हेतू चांगला होता, पण त्यासाठी सोनोग्राफीचा स्वस्त मार्गही होता आणि तोही आम्ही वापरला नाही. फाट आधी कळली असती तर शस्त्रक्रिया बहुधा तीच झाली असती, मात्र चौथ्या महिन्यात ताकद येईना म्हणून रुग्ण जे दोन आठवडे घाबरून होते, ते टळले असते. मी त्यांना आधीच सांगू शकलो असतो.

या मुद्द्यावर माझ्या एका सहकाऱ्याचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते अशा प्रत्येक रुग्णात सीटी आणि एमआरआय दोन्ही एकदमच करावेत. ज्या कुटुंबाला ते सहज परवडते तिथे मी वाद घालणार नाही. जिथे एकाच तपासणीचे पैसे आहेत तिथे मी आधी काखेतला एक्स-रे, मग सीटी आणि स्नायुबंधांसाठी सोनोग्राफी, असाच क्रम धरीन.

पहिला एक्स-रे जिथे काढला गेला त्या रुग्णालयात आम्ही दोघे जाऊन आलो. तिथल्या तंत्रज्ञाने वेल्पो पद्धत अर्ध्या तासात आत्मसात केली आणि रुग्णाला कसे उभे करायचे याचे छायाचित्र एक्स-रे खोलीच्या भिंतीवर लावले. गावातल्या स्टार्टरच्या पेटीला आता अर्थिंग केलेले आहे. ते रुग्णाच्या मुलाने स्वतः करून घेतले.